जुन्या किटमधलं मिग-२१ एफएल : उघड्या धातूचं फिनिशिंग घरच्या घरी

मामाच्या ओझरच्या घरातली ट्रंक उघडली तेव्हा स्वेटर आणि एचएएल या विमान कारखान्याच्या युनिफॉर्मखाली मिग-२१ या लढाऊ विमानाच्या १/७२ प्रमाणातल्या प्लास्टिक मॉडेलची न जोडलेली किट निघाली. खोक्याचे कोपरे उसवलेले, डिकलचा, म्हणजे पाण्यात भिजवून लावायच्या चिन्हांचा, कागद बिस्किटाच्या रंगाचा झालेला आणि डाव्या पंखावर मुगाच्या दाण्याएवढे दोन उथळ खड्डे. ते खड्डे कपड्यांत ठेवलेल्या डांबराच्या गोळ्यांनी पाडले होते. नॅफ्थलीनच्या वाफेने किटचं पॉलिस्टायरिन मऊ पडतं आणि गोळी टेकलेली असेल तिथे चक्क विरघळतं. तुमच्याही घरी एखादी जुनी किट कपड्यांच्या कपाटात पडून असेल, तर पुढचं वाचण्याआधी ती बाहेर काढा.

मामा फिटर होता, म्हणून हे विमान मला कारखान्यातून नुकतंच बाहेर आल्यासारखं, उघड्या धातूच्या रंगात करायचं होतं. एचएएलचा नाशिक विभाग १९६४ चा. मिगचा सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी कामाची वाटणी होती. ओझरला परवान्यावर बनलेला मिग-२१ चा पहिला प्रकार म्हणजे एफएल. वायुदलात मिग-२१ आलं १९६३ मध्ये, चंदिगडच्या २८ नंबर स्क्वाड्रनमध्ये. एफएलला डिसेंबर २०१३ मध्ये कलाईकुंड्याला निरोप मिळाला आणि मिग-२१ ची सगळी पिढी २६ सप्टेंबर २०२५ ला चंदिगडलाच निवृत्त झाली. सुरुवातीची एफएल चांदीसारखी दिसायची. १९७१ च्या युद्धाच्या सुमारास बऱ्याच विमानांवर कॅमोफ्लाज चढला. त्यामुळे रंगवण्याआधी साल ठरवा आणि त्याच सालाचे फोटो समोर ठेवा. दिल्लीत पालमच्या वायुदल संग्रहालयात जाणं झालं, तर तिथल्या मिगचे जवळून फोटो काढून आणा, विशेषतः शेपटीकडच्या पत्र्यांचे.

एक गोष्ट आधीच सांगतो. कॅमोफ्लाज बऱ्याच चुका पोटात घालतो, चंदेरी रंग एकही घालत नाही. पॉलिश पेपरचा ओरखडा, बसलेली पुट्टी, बोटाचा ठसा, सगळं त्यात दुपटीने दिसतं. मला हे मॉडेल करायला सहा आठवडे लागले आणि त्यांतले प्रत्यक्ष रंगाचे दिवस जेमतेम पाच. म्हणून या लेखाचा मोठा भागही रंगाच्या आधीच्या कामाचाच आहे.

धुणं आणि तपासणी

सगळे स्प्रू (भाग ज्यांना जोडलेले असतात त्या प्लास्टिकच्या चौकटी) कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने धुवा. साच्यातून भाग सुटावेत म्हणून लावलेलं तेल जुन्या किटवर हमखास असतं आणि त्यावर रंग धरत नाही. पाणी कढत नको, पातळ भाग वाकतात. पंख आधीच वाकलेला असेल तर मात्र तोच भाग गरम पाण्यात, हाताला चटका बसेल एवढ्याच, अर्धा मिनिट धरून काचेवर दाबून सरळ करता येतो. जुनं प्लास्टिक ठिसूळ असतं, म्हणून भाग स्प्रूवरून पिरगाळून तोडू नका. कटरने थोड्या अंतरावर कापा आणि राहिलेली गाठ ब्लेडने उतरवा.

मग कडांना आलेले पातळ पापुद्रे काढा. ब्लेड कापायला चालवतो तसं चालवू नका, कडेवर उभं धरून खरवडा. कॉकपिट, चाकं, क्षेपणास्त्रं वगैरे छोटे भाग आत्ताच वेगळे रंगवून ठेवा. चाकांचे हब ठळक हिरवे, हे मिगचं ओळखीचं लक्षण.

जुन्या किट बहुधा मिग-२१ च्या पीएफ या किंवा त्याआधीच्या प्रकारच्या असतात. सुरुवातीच्या पीएफची उभी शेपटी अरुंद, एफएलची रुंद. शिवाय एफएलला शेपटीच्या बुडाशी ब्रेक पॅराशूटचा फुगवटा असतो. प्लास्टिक कार्डाचा तुकडा शेपटीच्या पुढच्या कडेला चिकटवून घासला की रुंदी मिळते. मी ते केलं, पण पहिल्या मॉडेलला तुम्ही नाही केलंत तरी चालेल.

जोडणी आणि सांधे

फ्यूजलाजचे (विमानाच्या धडाचे) दोन अर्धे बंद करण्याआधी नाकातल्या शंकूमागे मासेमारीच्या शिशाच्या गोळ्या फेविक्विकने बसवा. वजन कमी पडलं तर विमान शेपटीवर बसेल, म्हणून भाग टेपने तात्पुरते जोडून, मागची चाकं येतील तिथे काडीवर तोलून बघा.

सांधा जोडताना प्लास्टिक सिमेंट थोडं जास्त लावा आणि दोन्ही अर्धे दाबा. विरघळलेल्या प्लास्टिकचा बारीक मणी सांध्यावर वर येतो. तो पुसू नका. दोन दिवसांनी घासला की सांधा आपल्याच प्लास्टिकने भरलेला असतो, त्याच्याइतकं चांगलं फिलर दुसरं नाही.

तरी फटी राहतातच. चंदेरी रंगाखाली नेहमीची पुट्टी मी वापरत नाही. ती सुकताना बसते, काही आठवड्यांनी अजून बसते आणि रंगाखालून सांध्याची सावली दिसू लागते. मी फेविक्विकमध्ये चिमूटभर टाल्कम पावडर कालवून सुईने भरतो. हे मिश्रण बसत नाही आणि प्लास्टिकसारखंच पॉलिश होतं. फक्त तासाभरात घासून घ्यायचं. रात्रभर राहिलं तर ते आजूबाजूच्या प्लास्टिकपेक्षा कडक होतं आणि घासताना प्लास्टिक झिजतं, मिश्रण तसंच राहतं. डांबराच्या गोळ्यांचे खड्डेही मी असेच भरले, पण आधी खड्ड्यातलं मऊ पडलेलं प्लास्टिक खरवडून टाकलं.

घासायला वॉटर पेपर, नेहमी पाण्यात बुडवून. ४०० पासून सुरुवात, मग ६००, १०००, १५००, २०००. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदला, म्हणजे आधीच्या नंबरचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. एखादा नंबर गाळला तर पुढचा कितीही वेळ घासला तरी तो ओरखडा जात नाही. शेवटी जुन्या बनियनच्या तुकड्यावर पांढरी टूथपेस्ट घेऊन पॉलिश करा. जेल टूथपेस्ट उपयोगाची नाही.

पत्र्यांच्या रेषा

जुन्या किटवर पत्र्यांचे जोड उंचवट्याच्या रेषांनी दाखवलेले असतात. सांधे घासताना त्या पुसल्या जातात आणि विमानाच्या पाठीवर बोटभर रुंदीचा कोरा पट्टा दिसू लागतो. यावर दोन मार्ग आहेत.

सोपा मार्ग असा : पंखावरच्या रेषा तशाच ठेवा आणि सांध्याजवळ गेलेल्या तेवढ्या पुन्हा आणा. उदबत्तीच्या निखाऱ्यापासून थोड्या अंतरावर स्प्रूचा तुकडा धरून मऊ करा आणि ओढा, केसाइतका बारीक धागा मिळतो. तो पातळ सिमेंटने रेषेच्या जागी चिकटवा आणि सुकल्यावर १००० च्या पेपरने एकदाच हलका हात फिरवा.

मी दुसरा मार्ग घेतला, सगळ्या रेषा नव्याने कोरल्या. एफएलच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, म्हणजे १/७२ मध्ये जेमतेम १० सेंटीमीटर, त्यामुळे काम वाटतं तेवढं नाही. मला चार संध्याकाळी लागल्या. इथे एक युक्ती आहे. उंच रेषा आधी घासून टाकू नका. तिच्या कडेलाच सुई टेकवून कोरा, उंचवटाच पट्टीचं काम करतो. कोरून झाल्यावर उंचवटा घासा. जिथे रेषा आधीच गेली आहे तिथे जाड लेबल टेपचा तुकडा चिकटवून त्याच्या कडेने कोरा. पिन व्हाइसमध्ये (बारीक सुया धरायच्या मुठीत) धरलेली शिवणाची सुई पुरते. सुईवर जोर द्यायचा नाही. पहिल्यांदा ती नुसती स्वतःच्या वजनाने ओढायची, दुसऱ्यांदा तशीच, तिसऱ्या-चौथ्यांदा किंचित दाब. पहिल्याच खेपेला जोर लावला की सुई भरकटते आणि भरकटलेली रेष चंदेरी रंगात लांबून दिसते. रेष चुकलीच तर फेविक्विकने भरा, घासा, पुन्हा कोरा. माझ्या उजव्या पंखावरची एक रेष तीनदा कोरलेली आहे.

काळा पाया

आता रंग. पण त्याआधी माझ्या हातून झालेलं नुकसान सांगतो. पूर्वीच्या एका मॉडेलला मी गाड्यांसाठी मिळणारा सिल्व्हर स्प्रे सरळ उघड्या प्लास्टिकवर मारला. दहा मिनिटांत इंधनटाकीचा पृष्ठभाग वाळलेल्या चिखलासारखा भेगाळला. गाड्यांच्या रंगातला थिनर पॉलिस्टायरिनला चावतो. तेव्हापासून कुठलाही नवा रंग आधी स्प्रूच्या तुकड्यावर, प्रायमर मारून आणि न मारता, असा दोन्ही प्रकारे तपासल्याशिवाय मी मॉडेलजवळ नेत नाही.

आधी मॉडेल किटच्या प्रायमरचा पातळ हात. त्याने राहिलेल्या चुका वर येतात. त्या दुरुस्त करून पुन्हा १५०० चा पेपर. मग ग्लॉस काळा इनॅमल, पातळ दोन-तीन हात. चंदेरी रंगाचे कण फार बारीक असतात आणि खालचा पृष्ठभाग जेवढा चकचकीत तेवढा धातू खरा वाटतो, म्हणून काळा आणि ग्लॉसच हवा.

काळा सुकला की मॉडेल ट्यूबलाइटखाली धरून सावकाश फिरवा. नळीचं प्रतिबिंब नाकापासून शेपटीपर्यंत सरळ वाहत गेलं पाहिजे. जिथे ते थरथरतं किंवा मोडतं तिथे खड्डा किंवा राहिलेला सांधा आहे. माझ्या मॉडेलला पाठीवर, कॉकपिटच्या जरा मागे, प्रतिबिंब दोनदा मोडलं आणि दोन्ही वेळा मी प्लास्टिकपर्यंत घासून पुन्हा सुरुवात केली. ही परीक्षा पास होईपर्यंत चंदेरी डबी उघडू नका.

इनॅमलला किमान तीन दिवस द्या. नाकाजवळ धरून वास आला तर अजून सुकलेलं नाही. कच्च्या इनॅमलवर लॅकर (वर येणारा चंदेरी रंग याच जातीचा) मारलं की सुरकुत्या पडतात आणि सगळं काम पुन्हा करावं लागतं. वाट बघताना मॉडेल उलट्या ठेवलेल्या स्वच्छ डब्याखाली झाका आणि इथून पुढे उघड्या हाताने धरू नका. जेट पाइपमध्ये आईस्क्रीमची काडी घट्ट बसवली की धरायला मूठ मिळते.

चंदेरी रंग

एअरब्रश (दाबाच्या हवेने रंग फवारणारं छोटं पेन) असेल तर अल्क्लॅड किंवा मिस्टर कलरच्या सुपर मेटॅलिक जातीचे लॅकर रंग घ्या. दाब १२ ते १५ पीएसआय, अंतर चार-पाच बोटं. हात इतके पातळ की मॉडेलवर रंग ओला दिसताच कामा नये. पहिल्या हाताला काळ्यावर नुसती राख उडाल्यासारखी दिसते. दुसऱ्याला ढगाळ. तिसऱ्या-चौथ्याला अचानक धातू दिसतो आणि तिथेच थांबायचं. अजून एक हात मारायचा मोह होतो, तो आवरा. जास्त रंगाने चमक मरते.

एअरब्रश नसेल तर मॉडेलसाठीच्या सिल्व्हर स्प्रेची डबी पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. कोमटच, डबी गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात कधीही नाही. मग वीतभर अंतरावरून मारा. फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा, नाहीतर सुरुवातीचे जाड थेंब पंखावर पडतात.

नुसता ब्रशच असेल, तर माझं प्रामाणिक मत आहे की उघडा धातू करू नका. १९७१ चं कॅमोफ्लाज केलेलं एफएल करा. ते ब्रशने उत्तम होतं आणि इतिहासालाही धरून आहे. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटं डागणारी २८ नंबर स्क्वाड्रनची मिग-२१ एफएलच होती.

हवेचं भान ठेवा. दमट हवेत लॅकर सुकताना त्यावर पांढुरकी साय धरते. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हे काम बाजूला ठेवावं. नाशिककडे डिसेंबर-जानेवारीची दुपार उत्तम. रंग मारताना खिडक्या उघड्या, तोंडावर सॉल्व्हंटसाठीचा मास्क आणि घरात गॅस, समई, निरांजन काही पेटलेलं नको. ही वाफ पेट घेते.

पत्र्यांच्या छटा

खरं मिग एकसारखं चमकत नाही. फोटोत पुढचा भाग उजळ, इंजिनाभोवतीचा मागचा भाग काळपट, आणि जेट पाइपजवळ किंचित तांबूस-निळसर दिसतो. हे दाखवलं नाही तर मॉडेल चांदीच्या वर्खात गुंडाळल्यासारखं दिसतं.

चंदेरी रंग दोन दिवस सुकू द्या. मास्किंग टेप आधी तळहातावर दोनदा चिकटवून तिचा चिकटपणा कमी करा, मग एकेक पत्रा मोकळा ठेवून आजूबाजूला लावा. ॲल्युमिनियममध्ये एक-दोन थेंब काळा किंवा तपकिरी मिसळून एकच पुसट हात. पाच-सहा पत्रे पुरतात. टेप काढताना वर ओढू नका, तिच्याच अंगावर दुमडून सपाट ओढा.

एअरब्रशशिवायही हे जमतं आणि मला हाच प्रकार जास्त आवडतो. ६बी पेन्सिलीचं शिसं ब्लेडने खरवडून भुकटी करा. टेपने पत्रा वेगळा करा, कानातल्या कापसाच्या काडीला भुकटी लावून एकाच दिशेने घासा. धातू गडद होतो आणि वर पॉलिश केल्याची झाक येते. मामाच्या अल्बममधल्या एका फोटोत शेपटीजवळचे तीन पत्रे उतरत्या छटांत दिसतात. ते मी पूर्णपणे पेन्सिलीने केले.

नाकातला शंकू आणि शेपटीचं टोक हिरवं. तिथे आत अँटेना असल्याने पत्रा धातूचा नसतो. शंकू वेगळा रंगवलेला असेल तर मास्किंगचं काम वाचतं.

जुने डिकल

पिवळे पडलेले डिकल फेकू नका. पारदर्शक पिशवीत घालून, चित्राची बाजू बाहेर करून, उन्हाच्या खिडकीला आतून चिकटवा. ऊन कडक असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांत पिवळेपणा बराच उतरतो. माझ्या राउंडेलमधला, म्हणजे वायुदलाच्या गोल चिन्हातला, पांढरा तेरा दिवसांत उजळला.

मग नको असलेला एखादा डिकल पाण्यात टाकून बघा. तुकडे झाले तर बाकीच्या सगळ्यांवर ग्लॉस लॅकरचा एक हात मारून रात्रभर सुकवा. त्यामुळे ते एकसंध राहतात, पण आता प्रत्येक चित्र स्वतंत्र कापावं लागतं. कडेची पारदर्शक पट्टी शक्य तितकी जवळून कापा, चंदेरी रंगावर तीच सगळ्यात जास्त दिसते.

पृष्ठभागावर मायक्रो सेट या डिकल चिकटवणाऱ्या द्रावणाचा थेंब, त्यावर डिकल सरकवा, ओल्या ब्रशने जागेवर आणा, मधून बाहेर हवा काढा. मग मायक्रो सोल, हे डिकल मऊ करणारं द्रावण. डिकल सुरकुततो आणि जीव घाबरतो, पण हात लावू नका. अर्ध्या तासात तो आपोआप ताणून रेषांमध्ये बसतो. भारतीय राउंडेलमध्ये बाहेर केशरी, मग पांढरा, मध्ये हिरवा. एफएलचा क्रमांक इंग्रजी सी अक्षराने सुरू होतो. किटमध्ये नसेल तर सुटी अक्षरं-आकडे लावा आणि अंतर मोजायला खाली टेपची सरळ पट्टी ठेवा.

सगळ्या मॉडेलवर क्लिअर लॅकर मारू नका, धातूची चमक राखाडी होते. लॅकरचा चंदेरी रंग तसाच टिकतो. फक्त डिकलवर ब्रशने ॲक्रिलिक ग्लॉसचा पातळ हात द्या.

कोरलेल्या रेषांत टर्पेंटाईनमध्ये पातळ केलेला तपकिरी-राखाडी तैलरंग बारीक ब्रशने सोडा, तो रेषेतून स्वतः धावतो. तासाभराने जास्तीचा पुसा. पाया इनॅमलचा असला तरी वर लॅकरचा अखंड थर असेल तर धोका नाही. चंदेरीच इनॅमल असेल तर टर्पेंटाईन त्याला उतरवेल. शुद्ध काळा रंग नको, विमान चौकटीच्या वहीसारखं दिसतं. उंच रेषा ठेवल्या असतील तर धारदार एचबी पेन्सिल त्यांच्या कडेने फिरवा, तेवढं पुरे.

शेवटचे भाग

जुनी कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरची काच, ओरखडलेली असते. १५०० आणि २००० च्या पेपरने, मग टूथपेस्टने पॉलिश करा. चिकटवायला फेविकॉल, फेविक्विकच्या वाफेने काच आतून धुकट होते आणि ते धुकं परत काढता येत नाही.

नाकावरची लांब पिटो नळी (विमानाचा वेग मोजणारी) जुन्या किटमध्ये एकतर तुटलेली असते किंवा काडीपेटीतल्या काडीएवढी जाड. ती कापून टाका. २२ नंबरच्या इंजेक्शनच्या सुईत इन्सुलिनची ३० नंबरची सुई सरकवली की खऱ्यासारखी दोन टप्प्यांची नळी तयार होते. ती रंगवावीही लागत नाही. नवीन सुई घ्या, टोक कानशीने बोथट करा आणि कापताना डोळ्यांवर चष्मा ठेवा, तुकडा उडतो. नाकाच्या वरच्या कडेला पाऊण मिलिमीटरचं भोक पाडून ती सगळ्यात शेवटी बसवा, कारण आधी बसवली तर प्रत्येक वेळी बाही तिच्यात अडकते.

मॉडेल काचेच्या कपाटात ठेवा, थेट ऊन येणार नाही अशा खणात. त्याच कपाटात खालच्या खणात कुणी गरम कपडे आणि डांबराच्या गोळ्या ठेवत नाही ना, तेही बघा. माझ्या मिगच्या डाव्या पंखावरचे भरलेले खड्डे आता मलाही शोधावे लागतात. टेबल लॅम्प अगदी आडवा धरला तर दुसऱ्याची कड किंचित दिसते.